सासूच्या हातचा मसाला

मरोळ गावठाणातल्या चर्चच्या हॉलमध्ये कोकणातल्या पूरग्रस्तांसाठी डाळ-तांदळाच्या पिशव्या भरणं चाललं होतं. “उरलंसुरलं देऊ नका, आवडीचं द्या,” असं फादर सकाळच्या मिस्सेत म्हणाले होते, म्हणून रेजिनाने सासूने मरण्याआधीच्या मे महिन्यात कुटलेल्या मसाल्याची शेवटची बाटली आणली. “मसाला कशाला गं? खिचडी मिळते ना त्यांना!” पिशव्या बांधणारी कार्मेल म्हणाली. “सव्वीस जुलैच्या पुरात घर बुडालं तेव्हा आठ दिवस खिचडीच खाल्ली. नवव्या दिवशी सासूने माळ्यावरची बाटली काढून कालवण केलं, तेव्हा कुठे मला रडू आलं,” म्हणत रेजिनाने चमच्याचमच्याने पुड्या बांधून बाटली रिकामी केली. घरी येऊन तिने बाटलीत पाणी घालून हलवलं आणि ते लालसर पाणी गॅसवरच्या कालवणात ओतलं. पहिल्याच घासाला नवऱ्याने सवयीने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, “आई, अजून वाढ.”