खरवसाची वाटी

प्रतिजैविकं निकामी झाल्यापासून व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक कच्चाच दवाखान्यात द्यायचा असे. त्यातल्या प्रथिनांपासून जखमेचं औषध होई. पण शेजाऱ्यांना खरवस द्यायचा नाही, हे चंद्राक्काला काही केल्या पटेना. तिची म्हैस व्याली तशी तिनं चीक वाफवला आणि घरोघरी वाट्या पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारची मालन धुतलेली वाटी घेऊन आली. रिकामी परत देऊ नये म्हणून तिनं आत गुळाचा खडा ठेवला होता.

"आक्का, आमच्या ओवीचा पाय चिघळलाय. दवाखान्यातलं औषध संपलंय. पहिल्या दिवसाचा कच्चा चीक असेल तर आणा म्हणाले. थोडा उरलाय ना?"

चंद्राक्कानं चिकाचं रिकामं पातेलं तिच्यापुढं धरलं.

"सगळा वाफवला गं. वाफेनं गुण जातो त्याचा."

मालननं वाटी ओट्यावर ठेवली.

"ओवीला फार आवडला हो खरवस," ती म्हणाली.