दस्तीखाली

बोटं मिटली. पेला टेबलावरून उचलला गेला. पडद्यावर हिरवी अक्षरं:

पकड उत्तम.

व्यायामाचा एकविसावा दिवस. वैजनाथअण्णांनी मुलाकडं पाहिलं. रविकिरण हसला आणि परत मोबाइलमध्ये गेला.

लातूरच्या दवाखान्यातल्या खोलीत टेबलावर पेला, वर कॅमेरा, अण्णांच्या लुळ्या उजव्या हातात तारांचा हातमोजा. कॅमेरा नुसता बघतो, उचलता तुम्हीच, असं रविकिरणनं सांगितलं होतं. पहिला पेला उचलला त्या संध्याकाळी अण्णा दीड भाकरी जेवले. कालच त्यांनी बिदरच्या गुरुपादप्पाला निरोप धाडला होता: रविवारी बाजारात येतो, तुझ्या देवणी बैलजोडीचा सौदा मीच करणार.

बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दस्तीच्या कापडाखाली दोन हात. जितकी बोटं धरली तितका भाव. भोवती उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही. चाळीस वर्षं अण्णांची दलाली अशीच चाललेली.

म्हणून आज त्यांनी व्यायाम घेणाऱ्या उज्वलाला सांगितलं, पेला बास झाला, आता खरं काम. खांद्यावरची दस्ती डाव्या हातानं ओढून त्यांनी उजव्या हातावर पसरली.

"घाल हात खाली. मी बोटं धरतो, तू आकडा सांग."

तिनं हसत हात घातला.

काही नाही.

अण्णांनी दात आवळले. मानेची शीर फुगली.

काही नाही.

पडदा: हात दिसत नाही.

"काका, दस्ती काढा की. कॅमेऱ्याला दिसल्याबिगर हातमोजा बोटं कशी मिटवील?"

"हातमोजा कशाला मिटवंल? मिटवतो मी."

उज्वला रविकिरणकडं वळली. पहिल्याच दिवशी तुम्हाला सगळं समजावलं होतं, यांना सांगितलं नाही का, असं तिनं हळूच विचारलं.

रविकिरणनं मोबाइल खिशात घातला. पुन्हा काढला.

"जेवण सोडलं होतं तुमी, अण्णा."

"बापाशीच दलाली केलीस व्हय रे."

अण्णांनी मान उज्वलाकडं वळवली.

"पोरी, पेला उचलण्यात दहातलं माझं किती? खरं सांग."

तिनं एकदा रविकिरणकडं पाहिलं. तिचा हात अजून दस्तीखालीच होता.

अण्णांच्या हाताला हलता येत नव्हतं, पण स्पर्श कळत होता. तिनं त्यांची करंगळी धरली.

अण्णा दुसऱ्या बोटाची वाट बघत राहिले.