खाली एकदा, उजवीकडे दोनदा

सकाळी साडेसातला वडिलांनी आईच्या पाठीशी दोन उशा लावल्या, गोळ्या दिल्या, पाणी पाजले, हनुवटी पुसली आणि टीव्हीचा रिमोट तिच्या डाव्या हातात ठेवला. अर्धांगवायूच्या झटक्याने दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात गेला होता, वाचाही. वाचायला गेले तर अक्षरही आता लागत नव्हते. तिने नेहमीप्रमाणे बटणे दाबली. खाली एकदा, उजवीकडे दोनदा, मग मधले. रोज तिथे तिच्या शाळेतल्या मुलींचे समूहगान लागे. त्या शाळेत तिने पंचवीस वर्षे शिकवले होते. आज बंदुकांचा धडधडाट सुरू झाला.

दारात उभ्या असलेल्या लेकीच्या हातातला चहा तसाच राहिला. घरातल्या साऱ्या चित्रफिती टीव्हीला जोडलेल्या एका छोट्या संगणकात होत्या आणि तो तिनेच मांडून दिला होता. त्याची जुनी प्रणाली कंपनीने सुरक्षेचे अपडेट बंद करून कधीच वाऱ्यावर सोडली होती. तशीच इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे घराचे दार सताड उघडे टाकणे. म्हणून काल दिवसभर खपून तिने नव्या डिस्कवर नवी प्रणाली घातली. एकही चित्रफीत हरवली नव्हती. पडद्यावरची मांडणी तेवढी बदलली होती.

आईने मागे जाऊन पुन्हा तसेच केले. पुन्हा बंदुका. तिसऱ्या वेळी तिने रिमोटकडे पाहिले नाही. स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले.

"थांब हं आई, मी लावून देते."

"लावून द्यायला मी होतोच की," वडील हळूच म्हणाले. "भरवतो मी, केस विंचरतो मी. या घरात माझ्यावाचून तिचं एवढं एकच चालत होतं."

"सगळं आहे हो बाबा. जसंच्या तसं आहे."

"आहे ना. घर तेच, जिना तेवढा हलवलास."

दुपारचे दोन वाजले. पडद्यावरची 'तुमच्यासाठी' ही नवी ओळ काही केल्या हटेना. दर वेळी तीत काहीतरी नवे घुसे आणि बाकीचे सारे एक घर सरके. कार्यालयातले तीनशे संगणक बिनबोभाट नव्या प्रणालीवर नेणारी लेक, या एका ओळीपुढे हात टेकून बसली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. चादरीवरचा रिमोट तिने पुन्हा उचलला नव्हता.

जुनी डिस्क, जुन्या मांडणीसकट, खणात शाबूत होती. पण ती लावायची तर इंटरनेट तोडायला हवे; आणि तोडले की दर रविवारी लेकीच्या शहरातून आपोआप येणारे नातीचे व्हिडिओ बंद. वडील ते आईला लावून दाखवत. वडिलांचा फोन साधा, बटणांचा; नातीचे तेवढेच दर्शन.

लेकीने संगणकाचे स्क्रू काढायला घेतले तेव्हा वडील जवळ आले.

"मग चिमणीला बघायचं कधी?"

"मी येईन तेव्हा घेऊन येईन."

"म्हणजे सहा महिन्यांनी."

तिने जुनी डिस्क बसवली, सुरू करून पाहिली, झाकण लावले. मग संगणकाची इंटरनेटची निळी वायर भिंतीतून उपसली, नीट गुंडाळली आणि स्वतःच्या बॅगेत कपड्यांखाली ठेवली.

"वायर तरी राहू दे की इथे."

"नको बाबा. इथे राहिली, तर एखाद्या रविवारी मीच फोन करून तुम्हाला लावायला सांगेन."

तिने बॅगेची चेन ओढली.