कोरा आदेश

“मुलाचं हित हेच जगातलं सर्वोच्च हित!” तपासनीस बाईंनी दारातच जाहीर केलं, आणि पुढचं पाऊल थेट फरशी पुसायच्या बादलीत टाकलं.

बालकल्याण खात्यात बाईंची हयात गेली होती. बंगल्यांत आधी फोन करून जायचं आणि खोल्यांवर न सांगता थडकायचं, हा खात्याचा रिवाज त्या काटेकोर पाळत. आजची तक्रार निनावी होती. मूल दुपारभर कोंदट खोलीत असतं, एवढंच. अक्षर मात्र मोठ्या कष्टाने काढलेलं.

खोलीतल्या बाईने पाय पुसायला फडकं दिलं. खाटेवर चार वर्षांचा मुलगा चहात पाव बुडवून खात होता.

“तुला कुठेतरी पाहिलंय.”

“तीन वर्षांपूर्वी आला होतात. मी लोकांकडे कामाला जाते, पोर एकटी राहते, म्हणून माझ्या पोरीला घेऊन गेलात. अजून तुमच्या बालगृहातच आहे ती.”

“तरी अक्कल आली नाही! वर हा दुसरा!”

तिने बादली बाजूला सरकवली.

फॉर्ममध्ये चाळीस प्रश्न होते. खिडक्या किती, खाटा किती, उशा किती.

“एक सांगू का?”

“विचारीन तेवढंच बोल.”

“बरं.” समजूतदार बाई होती.

“मुलाचं नाव?”

“सगळे बाळच म्हणतात.”

बाईंनी ‘बाळ’ लिहिलं. मग त्यांची नजर खाली गेली. “एवढे भारी बूट कुणाचे?”

“त्याचेच.”

‘चोरीचा संशय,’ बाईंनी नोंदवलं आणि पिशवीतून मूल ताब्यात घ्यायचा आदेश काढला. खात्याच्या साहेबांना वाचायला सवड नसे. महिन्याच्या एक तारखेला ते कोऱ्या आदेशांच्या गठ्ठ्यावर सह्या ठोकून मोकळे होत.

“परत कधी मिळतो?”

“नव्वद दिवस भेटसुद्धा नाही. साहेबांचाच नियम आहे. आभाळ कोसळलं तरी मोडायचा नाही.”

“खुद्द साहेबांनी सांगितलं तरी?”

“खुद्द साहेबांनी सांगितलं तरी! लेखी आहे.”

“तेवढंच विचारायचं होतं.”

गाडीत बसायचं म्हटल्यावर पोरगं उड्या मारायला लागलं. तिने त्याच्या लेस घट्ट बांधल्या, केसांवरून हात फिरवला. “तिथे एक ताई आहे. तिचा हात सोडू नकोस.”

तपासनीस बाईंना जरा चुकल्यासारखं झालं. “रडत कशी नाहीस?”

“मागच्या वेळी रडून झालं.”

गाडी गेली. तिने बादलीतलं पाणी बदललं आणि बाईंच्या पायांचे ठसे पुसून काढले. चार वाजता फोन वाजला. बालकल्याणचे साहेब होते.

“मावशी, आज घरी पाहुणे येणार आहेत. आमच्या बाळाला बागेतून जरा लवकर आणशील? आणि त्याचे ते नवे बूट तेवढे पुसून घे.”