हिरवी ओळ

संशोधन केंद्राच्या शेतात, करपलेल्या ज्वारीत एकच ओळ हिरवी उभी होती. मंदाताई तिच्यापाशी उकिडव्या बसल्या. पाण्यावाचून तगणारं बियाणं शोधण्यात त्यांचे केस पिकले होते.

"अनसूया, सापडलं गं."

खुरपणाऱ्या अनसूयेनं खुरपं खाली ठेवलं. या ज्वारीला पाणी द्यायचं नाही, ही ताकीद तिला होती. तरी रोपांनी माना टाकल्यावर तिला राहवलं नव्हतं. आता गप्प राहिली तर हेच बियाणं उद्या तिच्या भावाच्या कोरड्या रानात पडणार होतं.

"ताई, घरी जाताना कळशीत उरलेलं पाणी मी हिला घालत होते."

मंदाताईंनी मुळाशी बोट खुपसलं. माती ओली होती. त्यांनी ओळीच्या टोकाला रोवलेली वाणाची पाटी उपटली.

"मग बाकीच्या ओळींना का नाही घातलंस?"

"तेवढं पाणी उरायचं नाही, ताई."