भिंतीकडं तोंड

मांडीचं मोडलेलं हाड बसवताना डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मच्या जोडीला मायाप्पाच्या कमरेत सुईही टोचली होती, म्हणून शुद्धीवर आल्यावरही त्याला जराही दुखत नव्हतं. मेंढरं सोडून सोलापूरच्या गिरणीत गेलेला त्याचा लेक भिमा आठ वर्षांनी भेटायला आला, तसं म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड फिरवून डोळे मिटले. पाया पडला तर बोलायचं, न्हाईतर न्हाय. तो वाट बघत राहिला, पण पायाला हात काही लागला नाही.

"येतो, आबा," भिमा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"परत येऊ नगंस."

&nbsp;

पायाकडची ओली चादर बदलताना नर्सबाई म्हणाल्या, "लेक तुमचा किती वेळ या पायांवर डोकं ठेवून मुकाट रडत होता, बाबा. कमरेतल्या सुईचा अंमल उतरेपर्यंत तुमच्या पायांना काही कळायचं नाही."