सरांसाठी दिवा

दुर्बीण देवयानी दीर्घिकेवर नेमकी लावून मी कॅमेरा सुरू केला आणि सगळी गच्ची लख्ख उजळली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता पांढरा चौकोन उरला.

दारासमोर खांब रोवला जाताना मी दुपारी पाहिला होता. तारांसाठी असेल असं वाटलं होतं. आता त्याच्यावरचा दिवा थेट माझ्या गच्चीकडे तोंड करून होता आणि खाली वायरमन म्हादू, सरपंचबाई, शेजारच्या इंदूवहिनी वर बघत उभे होते.

"मागच्या अमावास्येला तुम्ही जिन्यावरून पडलात, सर," सरपंचबाई म्हणाल्या. "ज्यानं आम्हाला शिकवलं तो माणूस अंधारात चाचपडतो, हे बरं दिसत नाही. ग्रामसभेत पहिला ठराव तुमच्या दिव्याचा झाला."

तीन अमावास्या मी देवयानीचे फोटो जमवत होतो. दोनशे-तीनशे एकावर एक रचले, की कुठे तिचा अंधुक आकार उमटतो. आजची शेवटची रात्र होती. पुढच्या महिन्यात देवयानी लवकर मावळणार.

"म्हादू, दिवा जरा..." मी सुरुवात केली.

"माझ्या संडासापर्यंत उजेड येतोय," इंदूवहिनी म्हणाल्या. "परवा तिथंच नाग निघाला होता. तुमच्यामुळं सोय झाली, सर."

"कमी पडला तर सांगा," म्हादू म्हणाला. "अजून एक लावू."

"भरपूर आहे," म्हणत मी दुर्बिणीचं झाकण शोधू लागलो. एरवी ते चाचपडून मिळायचं. आज लगेच दिसलं.